जर्मन व्याकरणाचा जवळचा मार्ग मराठीतून

ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीचे तत्कालीन चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स नवी दिल्लीच्या दौऱ्यावर आले असताना, कुशल भारतीयांना दरवर्षी देण्यात येणाऱ्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला आणि प्रायोगिक तत्त्वावर १० हजार उमेदवारांचे उद्दिष्ट ठरविले. केरळने परिचारिकांसाठी असा करार डिसेंबर २०२१ मध्येच केला होता. जर्मन विद्यापीठांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्येही भारतीयांची संख्या आता सर्वाधिक असून, २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती सुमारे ४९ हजार होती.

या आकडेवारीची चर्चा पुष्कळ झाली. मात्र या साऱ्या संधींच्या दाराशी उभ्या असलेल्या एका अटीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. ती अट म्हणजे जर्मन भाषा. १ जून २०२४ पासून लागू झालेल्या 'संधी पत्र' योजनेत गुणांच्या आधारे अर्ज करणाऱ्यास जर्मनची ए-१ किंवा इंग्रजीची बी-२ ही पातळी किमान असावी लागते, आणि जर्मनची पातळी जितकी वरची तितके गुण वाढत जातात. परिचारिकेच्या पात्रतेला मान्यता मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे बी-२ पातळी लागते. जर्मनीत राहणाऱ्या पतीकडे किंवा पत्नीकडे जाऊ इच्छिणाऱ्या जोडीदारालाही, काही अपवाद वगळता, २००७ पासून ए-१ पातळीचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीनुसार ए-१ ही सहा पातळ्यांतील पहिली पायरी होय. अनेकांची पावले याच पायरीवर अडखळतात.

शिकवणी सर्वांच्या आवाक्यात नाही

गटे इन्स्टिट्यूटची, म्हणजेच आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन या नावाने परिचित असलेल्या संस्थेची, भारतात दिल्ली, मुंबई, पुणे, कोलकाता, चेन्नई आणि बंगळूर अशी सहा केंद्रे आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागातूनही जर्मन शिकलेल्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या. परंतु लातूर, चंद्रपूर, बेळगाव किंवा इंदूर येथील तरुणाला या संस्था जवळच्या नाहीत. खासगी वर्गांचे शुल्क अनेक कुटुंबांना झेपत नाही, आणि थोड्या महिन्यांत भाषा पक्की करून देण्याची आश्वासने सर्वत्र ऐकू येतात. अशा परिस्थितीत स्वतःच्या बळावर शिकणे ही अनेकांसाठी आवड नसून गरज ठरते.

स्वयंअध्ययन करणाऱ्याला साहित्याची वाण नाही. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची 'निकोस वेग' ही चित्रमालिका ए-१ ते बी-१ पातळीपर्यंत विनामूल्य उपलब्ध आहे. जर्मनीतील लोकविद्यालयांच्या महासंघाचे अध्ययन संकेतस्थळही विनामूल्य आहे. अडचण आहे ती वेगळीच. आपल्याकडे स्वयंअध्ययनासाठी वापरली जाणारी बहुतेक स्पष्टीकरणे इंग्रजीतून लिहिलेली असतात. इंग्रजी भाषकाला जे अवघड वाटते, तेच त्यांत अवघड म्हणून मांडलेले असते. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८८० मध्ये जर्मन भाषेच्या 'भयंकर'पणावर विनोदी निबंध लिहिला. निर्जीव वस्तूंना लिंग कशासाठी, क्रियापद वाक्याच्या शेवटी का, नामांच्या विभक्ती कशाला, या स्वरूपाच्या त्या तक्रारी होत्या. मराठी माणसाने त्या उसन्या घेण्याचे कारण नाही. आपण टेबलाला नपुंसकलिंगी, खुर्चीला स्त्रीलिंगी आणि पंख्याला पुल्लिंगी मानतो, क्रियापद शेवटी ठेवतो आणि विभक्ती शाळेतच शिकतो.

एक क्रियापद, एक जागा

जर्मन वाक्यरचनेचा पाया एका नियमावर उभा आहे. साध्या विधानात रूप चालविलेले क्रियापद दुसऱ्या स्थानी येते. उपवाक्यात ते शेवटी जाते. जर्मन भाषेची मूळ बैठक क्रियापद शेवटी असणारी आहे आणि मुख्य वाक्यात ते उचलून पुढे आणले जाते, असे विश्लेषण भाषाशास्त्रातही प्रचलित आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला याचा थेट उपयोग होतो. मराठी वाक्य जसेच्या तसे मांडावे आणि शेवटचे क्रियापद उचलून दुसऱ्या स्थानी ठेवावे.

'मी आज जर्मन शिकू शकतो' हे वाक्य घेऊ. शेवटचे 'शकतो' दुसऱ्या स्थानी आणले की 'मी शकतो आज जर्मन शिकू' अशी रचना होते. जर्मनमध्ये ती नेमकी अशीच आहे : 'इश कान हॉइटं डॉइच लेर्नन'. इंग्रजीतून विचार करणारा 'शिकू' हा शब्द 'शकतो'ला चिकटवतो आणि चुकतो. मराठीतून विचार करणाऱ्याला 'शिकू' जागेवरच ठेवायचे असते. 'तो कालच आला आहे' हे वाक्य त्याच रीतीने 'तो आहे कालच आला' असे होते. जर्मन वाक्य आहे 'एअर इस्ट गेस्टर्न गेकोमन'. फरक इतकाच, की वाचणे, खाणे, विकत घेणे यांसारख्या बहुसंख्य क्रियापदांच्या भूतकाळात 'आहे'ऐवजी 'जवळ असणे' या अर्थाचे 'हाबन' हे साहाय्यक क्रियापद येते.

विधानाची सुरुवात काळाने केली तरी नियम ढळत नाही. 'आज मी जर्मन शिकतो' याचे 'आज शिकतो मी जर्मन' असे करावे. क्रियापद दुसरे राहिले आणि कर्ता तिसरा झाला : 'हॉइटं लेर्नं इश डॉइच'. विलग होणारे उपसर्ग असलेल्या क्रियापदांचे कोडेही यातून सुटते. 'आउफश्टेएन' म्हणजे उठणे. त्यातील चालविलेला भाग दुसऱ्या स्थानी जातो आणि 'आउफ' हा उपसर्ग मागे, वाक्याच्या शेवटीच राहतो.

उपवाक्यात तर उचलाउचलीचीही गरज नाही. 'मी येत नाही, कारण मी आजारी आहे' या वाक्यातील दुसरा भाग जर्मनमध्ये 'वाइल इश क्रांक बिन' असा होतो. कारण, मी, आजारी, आहे. शब्दामागे शब्द, त्याच क्रमाने. 'की तो आज येतो' हे 'डास एअर हॉइटं कोम्ट' असे होते. पुन्हा तोच क्रम. जी रचना शिकविताना इंग्रजी पुस्तकांना पाने खर्च करावी लागतात, ती मराठी भाषक बालपणापासून बोलत आलेला असतो.

ओळखीच्या आणखी काही खुणा

'ते पुस्तक मला आवडते' या वाक्यात कर्ता कोण, असे मराठीच्या शिक्षकाने विचारले, तर उत्तर 'पुस्तक' असे येते. 'मला' ही चतुर्थी. जर्मन वाक्य 'डास बूख गेफेल्ट मिअर' हेही याच घडणीचे आहे. 'मला थंडी वाजते' म्हणण्यासाठी जर्मन माणूस 'मिअर इस्ट काल्ट', म्हणजे 'मला थंड आहे' असे म्हणतो. अनुभव घेणारा 'मला'च्या रूपात येतो, ही कल्पना आपल्याला समजावून द्यावी लागत नाही.

संख्यांचेही तसेच. 'एकवीस' या शब्दात एक आधी आणि वीस नंतर. जर्मनमध्येही 'एक-आणि-वीस' असा क्रम आहे आणि तो नव्याण्णवपर्यंत चालतो. अनोळखी व्यक्तीशी बोलताना 'तू' न म्हणता आदरार्थी अनेकवचन वापरणे, हा शिष्टाचारही समान आहे. तेथील 'झी' म्हणजे आपले 'आपण', आणि 'डू' म्हणजे 'तू'.

लांबलचक जोडशब्दांचे भय तत्पुरुष समास आठवला की ओसरते. समासात शेवटचे पद प्रधान असते. 'राजवाडा' हा वाडा असतो, म्हणून तो पुल्लिंगी. जर्मन 'हाउस्ट्यूअर' म्हणजे घराचे दार. 'हाउस' नपुंसकलिंगी आहे आणि 'ट्यूअर' स्त्रीलिंगी, म्हणून अखंड शब्द स्त्रीलिंगी. जोडशब्द शेवटाकडून वाचावा, ही सवय पहिल्या आठवड्यापासूनच लावून घेणे हिताचे.

मराठीच जेथे फसवते

मात्र मातृभाषेच्या आधाराला मर्यादा आहेत, आणि त्या आधीच ठाऊक असणे आवश्यक आहे. पहिली फसगत 'ला' या प्रत्ययाची. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय सारखेच दिसतात. 'मी त्याला पाहतो' आणि 'मी त्याला पुस्तक देतो' या दोन्ही वाक्यांत 'त्याला'च आहे. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात 'ईन' आणि दुसऱ्यात 'ईम' अशी वेगवेगळी रूपे येतात.

यावर एक सोपी कसोटी आहे. 'त्याला'च्या जागी निर्जीव वस्तू ठेवून पाहावी. 'मी घर पाहतो' म्हणताना 'ला' गळून पडतो. म्हणजे तेथे जर्मनची द्वितीया. 'मी घराला रंग देतो' म्हणताना 'ला' टिकतो, तेथे चतुर्थी. 'मी संस्थेला मदत करतो' यातही 'ला' टिकतो, आणि मदत करणे या अर्थाचे 'हेल्फन' खरोखरच चतुर्थी घेते. अपवाद मात्र आहेत. 'विचारणे' आणि 'फोन करणे' या अर्थांची जर्मन क्रियापदे द्वितीया घेतात. असे अपवाद वहीच्या एका वेगळ्या पानावर लिहून ठेवावेत.

दुसरी फसगत 'कुठे' या प्रश्नाची. 'तो शहरात आहे' आणि 'तो शहरात जातो' यांत मराठी 'शहरात' हे एकच रूप वापरते. जर्मन भाषा मात्र स्थिती आणि गती यांत भेद करते. स्थितीसाठी चतुर्थी, म्हणून 'इन डेअर श्टाट'. गतीसाठी द्वितीया, म्हणून 'इन डी श्टाट'. अशी दुहेरी शब्दयोगी अव्यये नऊ आहेत. ती एकदाच पाठ करावीत आणि प्रत्येकाची दोन वाक्ये, एक 'आहे'चे आणि एक 'जातो'चे, लिहून पाहावीत.

तिसरी गोष्ट विशेषणांची. 'दिवा चांगला आहे, वही चांगली आहे' असे आपण विशेषण बदलतो. जर्मनमध्ये 'आहे'च्या आधी येणारे विशेषण मुळीच बदलत नाही; ते नामापूर्वी आले तरच बदलते. शिवाय 'मी पोळी खाल्ली' या वाक्यात आपले क्रियापद कर्मानुसार चालते. जर्मन क्रियापद नेहमी कर्त्याचेच ऐकते.

शेवटची आणि सर्वांत मोठी अडचण लिंगाची. तीन लिंगांची कल्पना आपली असली, तरी त्यांची वाटणी आपली नाही. पुस्तक, घर आणि पाणी दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहेत, परंतु जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि दूधही स्त्रीलिंगी. म्हणून नाम कधीही एकटे पाठ करू नये. 'डेअर', 'डी' किंवा 'डास' हे उपपद आणि अनेकवचनाचे रूप यांसह ते एकाच श्वासात म्हणावे. काही शेवट मदतीला येतात. 'उंग', 'हाइट', 'काइट' किंवा 'शाफ्ट' असा प्रत्यय लागून बनलेली नामे स्त्रीलिंगी असतात. लघुत्वदर्शक 'शेन' लागले की नाम नपुंसकलिंगी होते. म्हणूनच 'मेडशेन', म्हणजे मुलगी, हा शब्द व्याकरणाने नपुंसकलिंगी आहे. 'मूल', 'पोर' हे शब्द नपुंसकलिंगात सहज वापरणाऱ्या मराठी भाषकाला याचे इंग्रजी भाषकाइतके आश्चर्य वाटू नये.

क्रम आणि शिस्त

स्वयंअध्ययन फसते ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. सोळा खणांचा उपपदांचा तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लावला जातो आणि महिन्याभरात वही बंद होते. त्याऐवजी आधी उच्चार, 'असणे' आणि 'जवळ असणे' ही दोन क्रियापदे, वर्तमानकाळ आणि क्रियापदाची जागा एवढेच घ्यावे. मग द्वितीया घ्यावी. तिच्यात केवळ पुल्लिंगी उपपद बदलते, 'डेअर'चे 'डेन' होते. स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आणि अनेकवचनी उपपदे तशीच राहतात. म्हणजे तक्त्यातला एकच नवा खण शिकायचा असतो. त्यानंतर 'शकणे', 'पाहिजे' यांसारखी साहाय्यक क्रियापदे, विलग होणारे उपसर्ग, मग चतुर्थी, आणि शेवटी पूर्ण भूतकाळ. षष्ठी आणि विशेषणांचे प्रत्यय पुढच्या पातळ्यांसाठी निर्धास्तपणे राखून ठेवावेत.

ए-१ साठी पूर्वज्ञानानुसार ४५ मिनिटांचे ८० ते २०० पाठ लागतात, असा गटे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. एकट्याने शिकणाऱ्याने रोजचा एक पाठ धरला, तर तीन ते सात महिने होतात. आठवड्यातून एकदा सहा तास बसण्यापेक्षा रोजचे पाऊण तास अधिक फलदायी ठरतात. त्यातला काही वेळ नवा नियम समजून घेण्यास, काही वेळ त्या नियमाची दहा वाक्ये हाताने लिहिण्यास आणि उरलेला वेळ तीच वाक्ये मोठ्याने म्हणण्यास द्यावा. दुसऱ्या दिवशी आधी मराठी वाक्य पाहून जर्मन वाक्य न बघता लिहावे, मग ताडून पाहावे. चुकांसाठी स्वतंत्र वही असावी. चूक, दुरुस्ती आणि कारण असे तीन रकाने तिच्यात पुरेसे आहेत. तिसरा रकाना मराठीत लिहावा. कारण स्वतःच्या भाषेत सांगता आले, तरच नियम कळला असे समजावे.

येथे परीक्षेचे स्वरूपही ध्यानात घ्यावे लागेल. गटेच्या ए-१ परीक्षेत व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे चार विभाग असतात आणि १०० पैकी ६० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. तक्ता अचूक म्हणून दाखविणाऱ्याला त्याचे गुण नाहीत. ज्याला स्वतःची ओळख करून देता येते आणि छोटे पत्र लिहिता येते, त्याला ते मिळतात. एकट्याच्या अभ्यासाची सीमाही हीच आहे. संभाषणाला दुसरा माणूस लागतो आणि लेखन तपासायला जाणकार नजर लागते. गावातील दोघा-तिघांनी मिळून आठवड्यातून एक दिवस केवळ जर्मन बोलावे, आणि परीक्षेपूर्वी काही तासिका तरी अनुभवी शिक्षकाकडे घालवाव्यात, हे व्यवहार्य ठरेल.

धोरणातील उणीव

नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मनऐवजी संस्कृत शिकविण्याचा निर्णय झाला, तेव्हा या दोन भाषा परस्परांच्या प्रतिस्पर्धी असल्यासारखी चर्चा देशभर रंगली. व्याकरणाच्या दृष्टीने वस्तुस्थिती उलट आहे. ज्याने विभक्ती आणि समास यांचा अभ्यास मनापासून केला आहे, त्याला जर्मन सोपी जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परदेशी भाषांत जर्मनचा उल्लेख आहे, आणि त्याच धोरणात मातृभाषेतून शिक्षणावरही भर आहे. या दोन सूत्रांची सांगड घालण्याचे काम मात्र व्हावयाचे आहे.

करारांतून ज्या तरुणांना जर्मनीला पाठविण्याचा विचार आहे, त्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री, नळ-कारागीर किंवा वाहनदुरुस्ती शिकलेले आणि मराठी माध्यमातून आलेले अनेक जण असणार. त्यांना जर्मन व्याकरण इंग्रजीतून समजावणे म्हणजे एका परक्या भाषेच्या दारावर दुसऱ्या परक्या भाषेचे कुलूप लावणे होय. मराठी व्याकरणाशी तुलना करून लिहिलेले, ए-१ आणि ए-२ पातळीचे, अल्प किमतीत मिळणारे पुस्तक आणि त्याला जोडलेले ध्वनिपाठ विद्यापीठांच्या भाषा विभागांना तयार करता येण्यासारखे आहेत. करारांवरील स्वाक्षऱ्यांच्या मानाने त्याला येणारा खर्च किरकोळ ठरेल.

तोपर्यंत स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याने एवढे ओळखावे, की तो अगदी आरंभापासून सुरुवात करीत नाही. शाळेत कंटाळून पाठ केलेल्या विभक्ती आणि समास ही त्याची गाठीला असलेली शिदोरी आहे. व्हिसांची संख्या दोन सरकारांच्या हाती असते. ती शिदोरी सोडून वापरणे मात्र त्याच्या स्वतःच्या हाती आहे.